सातवी आणि आठवी

“काका, ही उजवी की डावी एवढंच सांगा. बाकीचं मी पाठ करते.”

काकांनी हातातला फडका खांद्यावर टाकला. समोरच्या मुलीने पहिली बरगडी दोन बोटांच्या चिमटीत धरली होती, उंदराची शेपटी धरावी तशी.

“मला कशाला विचारतेस? टेबलाला विचार.”

“टेबलाला?”

“ठेव ना खाली.”

तिने बरगडी टेबलावर ठेवली. छोटीशी, चपटी, विळ्यासारखी वळलेली. पुढचे टोक टेकले, मागचे हवेत राहिले. बोट लावले की डुगडुगत होती.

“आता पालथी कर.”

या खेपेला दोन्ही टोके टेबलावर गप बसली.

“ही सुलट. पहिली बरगडी सुलट ठेवली की दोन्ही टोकं टेकतात. उलटी ठेवली की मागचं टोक रुसतं. वरची बाजू कळली, मागचं टोक कळलं. आता कुठल्या अंगाची ते तुझं तू सांग.”

मुलीने बरगडी उचलून आधी स्वतःच्या उजव्या खांद्याशी धरली, मग डाव्या. बराच वेळ गेला. काकांनी घाई केली नाही.

“डावी,” ती म्हणाली.

“झालीस पास.”

“इतकं सोपं कुणी सांगितलंच नाही. पुस्तकात अर्धं पान आहे यावर.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला टेबल पुसावं लागत नाही.”

ती पहिल्यांदा हसली. वर्गातली मुले तिला ‘रिपीटर’ म्हणत, कारण गेल्या वर्षी ती याच विषयाच्या तोंडी परीक्षेत नापास झाली होती. पाठांतर तिच्याने होत नसे. दुपारी सगळे जेवायला गेले की ती हाडांच्या खोलीत यायची आणि काका आपला डबा अर्धा ठेवून तिच्याकडे बघायचे. डोळ्यांनी वाचू नकोस, बोटांनी वाच, हे त्यांनी तिला किती वेळा सांगितले असेल याला गणती नाही.

“एक प्रश्न मात्र हमखास येईल मला,” ती म्हणाली. “चार नंबरच्या सांगाड्याचा. डावीकडची सातवी आणि आठवी. ते तर अख्ख्या कॉलेजला माहीत आहे.” मग सहज विचारल्यासारखे तिने विचारले, “काका, ती चूक कुणी केली होती हो?”

काकांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“होता एक जण. घाईत होता,” ते म्हणाले.

कागदोपत्री काकांचे पद परिचराचे होते. पाणी भरणे, टेबले पुसणे, मुले पांगली की हाडे मोजून कपाटात ठेवणे. पण गेली एकतीस वर्षे या विभागात जो सांगाडा उभा राहिला तो काकांच्या हातून राहिला. हाडे उकळून, निवळून, वाळवून यायची ती ढिगाने. त्यातून माणूस उभा करायचा. हातपाय सोपे. कवटी त्याहून सोपी, ती येतानाच बांधून आलेली. खरी परीक्षा छातीच्या पिंजऱ्याची. चोवीस बरगड्या, एका अंगाला बारा, आणि एकही दुसरीसारखी नाही. वरच्या सात पुढे छातीच्या हाडाला स्वतःच्या पायांनी पोचतात. पुढच्या तीन शेजारणीचा हात धरून पोचतात. शेवटच्या दोन पोचतच नाहीत, मागच्या मागे लोंबकळतात. हाडाला आणि बरगडीला जोडणारी कूर्चा उकळताना विरघळून जाते, म्हणून तिच्या जागी काका चामडे कापून बसवायचे. मागे मण्याला बारीक भोक, बरगडीच्या मानेला भोक, त्यातून पितळी तार. दोन पीळ आणि टोक आत मोडलेले, कुणाच्या बोटाला बोचू नये म्हणून. सगळ्यात अवघड काय, तर दोन बरगड्यांमधली फट. ती कुठेच दिसत नाही आणि चुकली की सगळीकडे दिसते.

असे बारा सांगाडे त्यांनी बांधले. अकरा बिनचूक. जो चुकला तो चार नंबर, आणि तो त्यांचा पहिला; आधीचे तीन विकत आणलेले.

तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांना काम शिकवले मोठ्या सरांनी. सर आधी शल्यविशारद होते, मग हात कापू लागला म्हणून शिकवण्याकडे वळले. कडक माणूस, पण परिचराला बाजूला बसवून हाड हातात देणारा दुसरा कुणी त्या इमारतीत नव्हता. पहिला सांगाडा काकांनी दोन महिने बांधला. शेवटच्या दिवशी सगळ्या तारा पिळून झाल्या होत्या. मागच्या बाजूने तारांवर चामड्याची पट्टी चिकटवायची तेवढी राहिली होती, आणि निरोप आला की बायकोला दवाखान्यात नेले आहे.

“तू जा,” सर म्हणाले होते. “पट्टी मी चिकटवतो.”

त्या संध्याकाळी काकांना मुलगी झाली. आठवड्याने ते कामावर आले तेव्हा वर्ग भरलेला होता आणि सर चार नंबरशेजारी उभे होते. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी विचारले होते, की सर, या फटी अशा वेड्यावाकड्या का? डावीकडची सातवी बरगडी आठवीच्या जागी होती आणि आठवी सातवीच्या.

सर दारात उभ्या असलेल्या काकांकडे न बघता म्हणाले, “आमच्या परिचराची घाई. बाप होण्याची घाई झाली होती त्याला.”

वर्ग खो खो हसला. काकाही हसले. दुसरे काय करणार?

चूक दुरुस्त करायला ते त्याच दुपारी पक्कड घेऊन गेले तर सरांनी हात आडवा धरला. राहू दे, म्हणाले, मुलांना यातून शिकता येईल. पुढच्या परीक्षेला सरांनी चार नंबरपुढे एक पाटी लावली: ‘काय चुकले ते ओळखा.’ तेव्हापासून ती पाटी तिथेच होती. प्रश्न कॉलेजभर गाजला. मोठमोठे डॉक्टर झालेले जुने विद्यार्थी भेटायला आले की आधी काकांना विचारत, “काय काका, सातवी-आठवी काय म्हणते?”

घरातही तो शब्द रुळला. दूध उतू गेले, शर्टाची बटणे वरखाली लागली, की काकांची बायको म्हणायची, “झाली सातवी-आठवी!” तिच्या मनात काही नसायचे. पण मुलगी दहा वर्षांची असताना एकदा विभागात आली होती. तिने पाटी वाचली, पिंजरा बघितला आणि विचारले, “बाबा, हे माझ्यामुळे झालं ना?”

काका “छे!” म्हणाले. पण जरा उशिरा म्हणाले. तेवढ्या वेळात पोरीचे तोंड उतरले ते त्यांनी बघितले, आणि ती क्षणभराची दिरंगाई त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही.

आता महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. नवे सांगाडे आले होते, प्लास्टिकचे, बरगड्या साच्यातून ओतलेल्या, चुकायची सोयच नाही. काकांचे अकरा सांगाडे खोक्यांत घालून माळ्यावर जायचे होते.

“चार नंबर मात्र काचेच्या कपाटात राहणार,” विभागप्रमुख मॅडम त्यांना मोठ्या कौतुकाने म्हणाल्या. “सरांचा प्रश्न आहे तो. आपल्या विभागाची ओळख.”

मॅडमही सरांच्याच विद्यार्थिनी. सरांचे नाव घेताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. सर जाऊन दहा वर्षे झाली होती आणि त्यांचा फोटो मॅडमच्या खुर्चीमागे होता.

“मॅडम, एक विनंती होती,” काका म्हणाले. “जायच्या आधी तेवढ्या दोन बरगड्या सारख्या करतो. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“अहो काका, मग प्रश्न काय विचारणार?” मॅडम हसल्या. “शुक्रवारी परीक्षा आहे. राहू द्या. आणि एका चुकीचं इतकं काय मनावर घेता? तुमच्यामुळे तीस वर्षं पोरं शिकली.”

काका “बरं” म्हणून बाहेर आले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आपल्या हातचे जे जे नीट होते ते माळ्यावर चालले आहे, आणि जे एकच चुकले ते काचेआड पाटी लावून राहणार आहे. इतकी वर्षे गिळलेले हसू एकदम घशाशी आले.

मंगळवारी दुपारी त्यांनी आतून कडी घातली. कोमट पाण्यात फडका भिजवून चार नंबरच्या पाठीवरच्या चामड्याच्या पट्टीवर ठेवला. आजवर त्यांनी या पाठीला हात लावला नव्हता. धूळ पुसायची तीही तोंड फिरवून. सर निवृत्त झाले त्या दिवशी जाता जाता म्हणाले होते, “मी गेल्यावर ते नीट कर बरं का. मागून उघड.” काकांना तो टोमणा वाटला होता. तुमचीच शोभा आहे, असू द्या तुमच्याकडेच, असे म्हणून ते मनातल्या मनात फुगून बसले ते एकवीस वर्षे.

पट्टी सुटली. आत ओळीने तारा होत्या. सत्तावीस वर्षांच्या पोराने पिळलेल्या, पण काकांना त्या लगेच ओळखू आल्या. दोन पीळ, टोक आत. त्यांनी डाव्या बाजूने बोट खाली नेले. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीच्या तारेला जरा जास्त पीळ. पाचवी. सहावी.

सातव्या जागी तार नव्हती.

आठव्या जागीही नव्हती. दोन्ही ठिकाणी काळा धागा होता. टाके घालायचा, रेशमी. गाठही टाक्याचीच, पहिल्या वेढ्यात दोनदा फिरवून घट्ट केलेली. सर पार्सलसुद्धा तशीच गाठ मारून बांधत. तेव्हा त्या इमारतीत तशी गाठ मारणारे दुसरे कुणी नव्हते.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता दिसले, की खऱ्या सातवीच्या मानेजवळ बारीक चीर आहे आणि ती सरसाने बुजवलेली आहे. म्हणजे सांगाडा पडला होता. काका दवाखान्याकडे पळाल्यावर पट्टी चिकटवताना सरांच्या कापऱ्या हातून तो पडला असेल. दोन बरगड्या निखळल्या. कापऱ्या हाताने पक्कड धरून तार पिळणे सरांना जमेना, म्हणून त्यांनी बोटांत मुरलेले होते तसे टाके घातले. आणि घालताना सातवीच्या जागी आठवी घातली. पुढे चामड्यात टाचण्याच तर होत्या, त्या कुणालाही काढून घालता येतात. आठवड्याने भर वर्गात कुणीतरी बोट ठेवले, आणि दारात एक परिचर उभा होता.

काका स्टुलावर बसले. त्यांना संताप आला. एकतीस वर्षे! मेलेल्या माणसाशी भांडायचे तरी कसे? आणि त्याच माणसाने आपल्या हातात पहिल्यांदा हाड दिले होते, हे तरी कसे विसरायचे? मागून उघड, म्हणाला होता. म्हणजे सांगायचे होते त्याला. तोंडाने जमले नाही म्हणून पट्टीखाली ठेवून गेला.

बऱ्याच वेळाने त्यांनी धागे कापले आणि कागदात गुंडाळून खिशात टाकले. दोन्ही बरगड्या उतरवल्या. सातवी हातात घेतली, सगळ्यांत लांब, पूर्ण कमानीची. ती तिच्या जागी बसवली, आठवी तिच्या खाली. नवी तार, दोन पीळ, टोक आत. मग डोळे मिटून फटीफटीतून बोटे खाली नेली. कुठेच अडखळली नाहीत.

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा त्यांची मुलगी आली होती. दर मंगळवारी ती कामावरून सुटली की आईकडे चहाला यायची. तिने घाईत कप ठेवला तो बशीच्या काठावर, आणि चहा सांडला.

“झाली सातवी-आठवी,” ती आपणहून म्हणाली. “जन्मतःच सवय आहे मला.”

“पुन्हा हा शब्द या घरात नको,” काका म्हणाले.

बायको बघतच राहिली. “अगंबाई! आज काय झालं तुम्हाला?”

काका उठून बाल्कनीत गेले. सांगावेसे फार वाटत होते. पण आपण निर्दोष आहोत याची साक्ष आपणच काय द्यायची? कुणीतरी दुसऱ्याने बघायला हवे होते. ज्याला काही ठाऊक नाही अशा कुणीतरी.

शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. मॅडमच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक बसले होते. त्यांना सर्दी झाली होती आणि रुमालातून डोके वर काढायला सवड नव्हती. काका भिंतीशी हाडांचा ट्रे घेऊन उभे होते. तो त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस.

पहिला मुलगा आला. मॅडमनी चार नंबरकडे बोट केले.

“डावीकडची सातवी आणि आठवी बरगडी अदलाबदल झालेली आहे, मॅडम.”

“छान.” मॅडमनी गुण मांडले.

दुसरीनेही तेच सांगितले. तिसऱ्याने तर सांगाड्याकडे पाठ करून सांगितले. चौथ्याला, कुठली ती दाखव, म्हटल्यावर त्याने सहावीवर बोट ठेवले, आणि मॅडम वहीत मान घालून म्हणाल्या, “बरोबर.”

काकांना हसावे की रडावे कळेना. सगळ्यांना चूक पाठ होती. पिंजऱ्याकडे कुणीच बघत नव्हते, आणि मॅडमही त्यात आल्याच.

पाचवी आली ती रिपीटर. तिने पाटी वाचली. मग सांगाड्याजवळ गेली आणि दोन बोटे गळ्याखालच्या हाडावर ठेवली. तिथल्या उंचवट्याशी दुसरी बरगडी येते, तिथून मोजायला लागायचे, कारण पहिली जिवंत माणसाच्या हाताला लागत नाही. काकांनीच शिकवले होते. ती खाली उतरू लागली. ओठ हलत होते. शेवटापर्यंत गेली. पुन्हा वरून आली. मग मागे जाऊन वाकली.

“अगं, किती वेळ?” मॅडम म्हणाल्या. “हे उत्तर तर शिपायालासुद्धा माहीत आहे.”

“हो मॅडम. मलाही माहीत आहे,” मुलगी म्हणाली. “पण तसं लागत नाहीये हाताला.”

“म्हणजे?”

“सातवी सातवीच्या जागी आहे. आठवी आठवीच्या. फटी सगळ्या सारख्या आहेत.” पुन्हा नापास व्हायची तयारी तिच्या तोंडावर दिसत होती. “मॅडम, यात काहीच चूक नाही. हे अगदी बरोबर बांधलंय.”

काकांनी हातातला ट्रे छातीशी धरला.

परीक्षकांनी रुमाल खाली घेतला. मॅडम उठल्या. त्यांनी स्वतःची बोटे पिंजऱ्यावरून खाली नेली. “पाच... सहा... सात...” त्या पुटपुटल्या आणि थांबल्या. मग त्यांनी काकांकडे बघितले.

मुलगी पास झाली. किती गुणांनी ते काकांना कळले नाही, पण बाहेर जाताना ती रडत होती आणि हसत होती.

परीक्षा संपल्यावर मॅडमनी त्यांना खोलीत बोलावले. मागे फोटोत सर होते.

“शेवटी चूक दुरुस्त केलीतच तुम्ही. मी नको म्हटलं होतं ना?”

काकांचा हात खिशाकडे गेला. कागदाची पुडी तिथेच होती. उलगडून टेबलावर ठेवली असती तर मॅडमनी गाठ क्षणात ओळखली असती. त्यांनाही टाके घालायला सरांनीच शिकवले होते.

“हो,” काका म्हणाले. “राहवलं नाही.”

“सर असते तर रागावले असते.”

“नसते रागावले, मॅडम. जाताना त्यांनीच सांगितलं होतं, नीट कर म्हणून. मीच आळस केला.”

मॅडम उठून बाहेर गेल्या, चार नंबरपुढची पाटी काढली आणि उलटी करून खिडकीत ठेवली. “आता नुसताच राहू दे कपाटात,” त्या म्हणाल्या. “पोरांना बरोबर कसं असतं तेही बघायला मिळू दे.”

काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि नमस्कार केला. जिन्यात आल्यावर त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला.

“बाबा? आज एवढ्या लवकर? बरे आहात ना?”

“बरा आहे गं. एक सांगायचं होतं.” जिन्यात कुणी नव्हते, तरी ते हळू बोलले. “तू झालीस ना, त्या दिवशी माझं काम पुरं झालं होतं. नीट झालं होतं. मी काही चुकलो नव्हतो.”

ते एक पायरी खाली उतरले.

“ऐकतेस ना?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?” तिचा आवाज दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

“उघडून बघितलं मी. तू वेळेवरच आली होतीस.”

फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता, आणि काका कठड्याला टेकून तो ऐकत राहिले. त्या संध्याकाळी दवाखान्यात दाईने ती त्यांच्या हातात दिली, तेव्हा दुपट्याखाली बोटे सरकवून त्यांनी तिच्या बरगड्या मोजल्या होत्या. दोन महिने दुसरे काही केलेच नव्हते, हाताला सवय लागली होती. काडीएवढ्या बारीक, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बोटांखाली बरगड्या हलत होत्या, वर, खाली, वर, खाली. तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता. सगळ्या जागच्या जागी होत्या.